नाव उरले, प्रतिमा नाही : रद्द झालेले व्हिडिओ गेम आणि पाठचिकित्सेचा प्रश्न

१

साहित्यकृतीविषयी बोलताना एक गोष्ट आपण न सांगता गृहीत धरतो : कृती प्रसिद्ध झालेली असते. मराठीतील आधुनिक समीक्षाव्यवहार मुद्रित पुस्तकाभोवती उभा राहिला. त्यामुळे खर्डा, टाचण, लेखकाने बाजूला सारलेला मजकूर यांची रवानगी आपण चरित्राच्या किंवा फार तर पाठचिकित्सेच्या दालनात केली. फ्रान्समध्ये १९७०नंतर बळावलेल्या उत्पत्तिलक्ष्यी समीक्षेने ही उतरंड काही प्रमाणात मोडली. झां बेलमें-नोएल यांनी १९७२ साली 'पूर्वसंहिता' ही संकल्पना मांडून खर्ड्यांना स्वतंत्र अभ्यासविषयाचा दर्जा दिला. तथापि या समीक्षेलाही प्रसिद्ध संहितेचा आधार लागतोच. जिच्यापुढे संहिता उभी आहे, तीच पूर्वसंहिता. मग जिची संहिता कधी अवतरलीच नाही अशा पूर्वसंहितेला काय म्हणावयाचे?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार अप्रकाशित आणि रद्द झालेल्या व्हिडिओ गेमच्या संदर्भात करावयाचा आहे. हा विषय साहित्यसमीक्षेच्या कक्षेत येतो का, अशी शंका कोणी घेईल. तिला दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, या खेळांपैकी काहींत निवेदक, कथानक, कालव्यूह आणि संकेतव्यवस्था इतक्या विचारपूर्वक रचलेल्या असतात की कथनमीमांसेला त्यांच्याकडे पाठ फिरवता येत नाही. दुसरे उत्तर कायद्याचे आहे. १९५७च्या भारतीय स्वामित्वहक्क कायद्यात १९८४ साली झालेल्या दुरुस्तीने संगणकाच्या आज्ञावलीचा समावेश 'साहित्यकृती' या संज्ञेत केला. कायद्याची ही व्याख्या वाङ्मयीन मूल्याविषयी काहीच सांगत नाही, हे उघड आहे. परंतु साहित्यकृतीचा मालक कोण हे तोच कायदा सांगतो : नोकरीच्या ओघात निर्माण झालेल्या कृतीचा प्रथम स्वामी, विरुद्ध करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. अप्रकाशित खेळाच्या समीक्षेत हा तपशील किती निर्णायक ठरतो, ते पुढे दिसेल.

२

या विवेचनासाठी ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांचा परिसर मी आधाराला घेत आहे. अपूर्ण, पुसलेल्या आणि सतत बदलणाऱ्या संहितांचे तीन प्रकार तेथे एकमेकांच्या शेजारी आढळतात आणि त्यांची तुलना आपल्या प्रश्नाला नेमकेपणा देते.

पहिला प्रकार नाणेघाटाचा. कोकणातून जुन्नरकडे जाणारा हा प्राचीन व्यापारी मार्ग मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून चढतो. घाटमाथ्यावरच्या लेण्यातील बाजूच्या भिंतींवर सातवाहन राणीचा सुप्रसिद्ध लेख आहे. मागच्या भिंतीवर राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा ओळीने कोरलेल्या होत्या. आज त्या प्रतिमा नाहीत. काही ठिकाणी पायांच्या खुणा दिसतात, आणि वर नावे आहेत : सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि श्री सातकर्णी, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरी. भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांच्यासारख्या विद्वानांनी एकोणिसाव्या शतकात हे लेख वाचले आणि सातवाहनांच्या इतिहासाचा मोठा भाग या नावांवर उभा राहिला. जेरार झेनेत यांनी १९८७ साली शीर्षक, प्रस्तावना, जाहिरात अशा घटकांसाठी जी संज्ञा रूढ केली, तिला मराठीत 'परिसंहिता' म्हणता येईल. नाणेघाटातील नावे ही परिसंहिता होय. संहिता, म्हणजे प्रतिमा, नाहीशी झाली आणि तिच्या कडेला लिहिलेले तेवढे शिल्लक राहिले.

दुसरा प्रकार चौकाचा. ठाणे व पालघर जिल्ह्यांतील वारली समाजात, आणि म्हणून या दोन तालुक्यांतील वारली पाड्यांतही, लग्नाच्या वेळी सुवासिनी घराच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक लिहितात. त्यात पालघट देवीची स्थापना होते. धवलेरी गाते आणि तिच्या गाण्यावाचून विधी पुरा होत नाही. लग्न उरकले की चौकाचे काम संपते. पुढे भिंत पुन्हा सारवली जाते आणि चौक तिच्याखाली जातो. येथे अंतिम प्रत असा प्रकारच नाही, पण कोणतीही प्रत अपूर्णही नाही. आधीचा चौक पुढच्या चौकाचा खर्डा ठरत नाही. पुसला जाणे हा येथे नाश नसून व्यवहाराचा भाग असतो, कारण चौक लिहिणारे हात आणि गाणारा कंठ समाजापाशीच राहतात. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी हे चित्र कागदावर आले आणि डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांच्या हातून त्याला चित्रकाराचे नाव लाभले, तेव्हा 'प्रत' ही संकल्पना या कलेत शिरली. कागदावरच्या चित्राला सही असते, किंमत असते आणि मालक असतो.

तिसरा प्रकार अगदी अलीकडचा आहे. या भागातील तरुणांपर्यंत व्हिडिओ गेम प्रामुख्याने मोबाइलवर पोचला. मोबाइलवरील जालाधारित खेळाला स्थिर संहिता नसते. दर काही आठवड्यांनी तो अद्ययावत होतो, नवे रूप जुन्या रूपाची जागा घेते आणि कालचे रूप खेळणाऱ्याला पुन्हा मिळत नाही. सप्टेंबर २०२०मध्ये केंद्र सरकारने 'पबजी मोबाइल'वर बंदी घातली. २०२१ साली तोच खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नावाने परतला, जुलै २०२२मध्ये दुकानांतून काढला गेला आणि २०२३ साली पुन्हा आला. वरवर पाहता हा खेळ चौकासारखाच वाटतो : पुसावयाचा आणि पुन्हा लिहावयाचा. साम्य मात्र येथेच संपते. चौक पुसणारे आणि लिहिणारे हात एकाच घरातले असतात. मोबाइलवरील खेळाचे जुने रूप पुसणारा हात खेळणाऱ्याला कधी दिसत नाही.

तेव्हा संहितेचे अंतिमत्व तिच्या अंगचा गुण नाही, असे या तीन प्रकारांवरून म्हणता येईल. ती कोणाच्या स्वाधीन आहे आणि पुन्हा निर्माण करण्याची क्षमता कोणापाशी आहे, यावर ते अवलंबून असते. रद्द झालेल्या खेळाकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे.

३

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर या संदर्भात सर्वांत महत्त्वाचे उदाहरण 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' या खेळाच्या पुनर्निर्मितीचे आहे. मूळ खेळ २००३ साली युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या माँट्रिऑल येथील स्टुडिओने तयार केला. त्याची पुनर्निर्मिती कंपनीच्या पुणे आणि मुंबई येथील स्टुडिओंकडे असल्याचे सप्टेंबर २०२०मध्ये जाहीर झाले. सोबत एक ट्रेलर दाखवण्यात आला आणि प्रकाशनाची तारीख २१ जानेवारी २०२१ अशी देण्यात आली. ट्रेलरमधील दृश्यांच्या दर्जावर मोठी टीका झाली. तारीख आधी मार्च २०२१पर्यंत आणि मग अनिश्चित काळासाठी पुढे गेली. मे २०२२मध्ये काम पुणे-मुंबईकडून काढून माँट्रिऑलकडे सोपवले गेले. अखेर जानेवारी २०२६मध्ये कंपनीने इतर काही खेळांबरोबर हा खेळही रद्द केला.

मराठी मुलखात, निदान काही अंशी मराठी हातांनी, घडलेल्या या कामाचे आज काय उरले आहे? एक नाव, एक ट्रेलर, आणि पुढे पुढे सरकत गेलेल्या तारखा. म्हणजे नाणेघाटाच्या मागच्या भिंतीसारखीच स्थिती. एक फरक मात्र मूलभूत आहे. नाणेघाटातील प्रतिमा काळाच्या आणि माणसांच्या हातून नष्ट झाल्या, त्यांना आज कोणी दडवून ठेवलेले नाही. रद्द झालेला खेळ नष्ट झालाच असेल असे नाही. त्याची रूपे कोठल्यातरी साठ्यात असू शकतात. मात्र तो साठा उघडण्याचा अधिकार ती रूपे घडवणाऱ्यांना नाही. या उद्योगात गोपनीयतेचे करार सर्वत्र प्रचलित आहेत. आपण तीन वर्षे कशावर काम केले हे काम करणाऱ्याला दाखवता येत नाही आणि कित्येकदा सांगताही येत नाही.

ट्रेलरवर झालेल्या टीकेचा मुद्दा येथे तपासून घेतला पाहिजे. 'खेळ निकृष्ट होता, म्हणून रद्द झाला' असे विधान सहज केले जाते. जे लोकांनी पाहिले ती परिसंहिता होती. तीही कामाच्या एका टप्प्यावरची. जाहिरातीवरून संहितेचा निकाल देणे ही पुस्तकाच्या बाबतीत आपण कधीच मान्य केली नसती अशी समीक्षा आहे. उलट बाजूने, रद्द झालेली आवृत्ती थोर असणार आणि निर्दय बाजाराने तिचा बळी घेतला, हे म्हणणेही तितकेच निराधार होय. जे पाहिले नाही त्याची निंदा करता येत नाही तशी स्तुतीही करता येत नाही. समीक्षकाच्या हाती येथे मूल्यमापन नाही. स्थितीचे नेमके वर्णन तेवढे त्याला शक्य आहे.

४

या उदाहरणाची निवड केवळ भौगोलिक कारणाने केलेली नाही. २००३च्या त्या खेळाचा आशयच मुळी रद्द झालेल्या आवृत्तीचा आहे.

खेळाचे निवेदन राजपुत्राच्या मुखातून होते. त्याच्यापाशी काळ मागे नेणारा खंजीर आहे. खेळणाऱ्याची चूक झाली, राजपुत्र कड्यावरून कोसळला, तर खंजिराच्या साहाय्याने काही क्षण मागे जाता येते. तेही जमले नाही आणि राजपुत्र मेला, तर निवेदकाचा आवाज मध्ये येतो आणि असे घडलेच नव्हते, आपण सांगताना चुकलो, अशा आशयाचे काही बोलून कथा पूर्वीच्या ठिकाणी नेतो. व्हिडिओ गेममध्ये मरणे आणि पुन्हा आरंभ करणे हा सर्वपरिचित संकेत आहे. या खेळाने त्याला कथनशास्त्रीय अर्थ दिला. खेळणाऱ्याचा प्रत्येक मृत्यू हा निवेदकाने खोडलेला खर्डा ठरतो. खेळणाऱ्याला तो खर्डा आठवतो, कथेत मात्र त्याची नोंद राहत नाही.

अखेरीस ही योजना संपूर्ण कथेला लागू होते. फरा या राजकन्येच्या मृत्यूनंतर राजपुत्र काळ इतका मागे नेतो की आपण खेळलेले सारे कथानक घडण्याआधीच रद्द होते. तो फराकडे जाऊन तिला ते सांगतो, म्हणजे आपण जे खेळलो ते हे सांगणे होते. तिच्या दृष्टीने ती एक कल्पित गोष्ट आहे, कारण तिच्या वाट्याला तो काळ आलेलाच नाही. पुरावा म्हणून राजपुत्राकडे एकच शब्द आहे : 'काकोलुकिया'. आईने शिकवलेला, कोणालाही न सांगितलेला हा शब्द फराने पुसल्या गेलेल्या काळात त्याला सांगितला होता.

फरा ही खेळात भारतीय महाराजाची कन्या आहे आणि हा शब्द ऐकताच संस्कृतच्या अभ्यासकाला पंचतंत्रातील तिसरे तंत्र, 'काकोलूकीय', आठवल्यावाचून राहणार नाही. आता पंचतंत्राची स्थिती पाहा. त्याची मूळ संहिता उपलब्ध नाही. सहाव्या शतकात इराणात झालेले त्याचे पहलवी भाषांतरही नष्ट झाले. त्यावरून सिद्ध झालेली सिरियाक आणि अरबी रूपे तेवढी उरली. फ्रँकलिन एजर्टन यांनी १९२४ साली उपलब्ध पाठांच्या तुलनेने त्याची पुनर्रचना केली. पुसल्या गेलेल्या काळाचा एकमेव पुरावा म्हणून खेळात येणारा शब्द ज्या ग्रंथाकडे निर्देश करतो, तो ग्रंथच हरवलेल्या मूळ प्रतीचा आदर्श नमुना असावा, हा योगायोग असो वा योजना, अर्थपूर्ण आहे. पंचतंत्राची मूळ प्रत हरवूनही ग्रंथ जगला, कारण ज्यांनी तो ऐकला त्यांना तो पुन्हा सांगण्याची मुभा होती.

पुनर्निर्मितीच्या कर्त्यांची अवस्था या राजपुत्रासारखी आहे. रद्द झालेला काळ त्यांना आठवतो, इतरांना नाही. राजपुत्राला निदान फरापाशी बोलता आले.

५

याच मालिकेच्या इतिहासात याच्या अगदी विरुद्ध टोकाचे उदाहरण सापडते. मूळ 'प्रिन्स ऑफ पर्शिया' (१९८९) हा जॉर्डन मेकनर यांनी बव्हंशी एकट्याने घडवलेला खेळ होता. त्यासाठी १९८५ साली त्यांनी आपल्या धाकट्या भावाच्या धावण्या-उड्या मारण्याचे चित्रण केले आणि त्यावरून पात्राच्या हालचाली रेखाटल्या. त्या काळातील रोजनिशी त्यांनी पुढे प्रसिद्ध केली. हरवलेली मानली गेलेली मूळ आज्ञावली २०१२ साली त्यांच्या वडिलांना घरातील एका खोक्यात सापडली आणि मेकनर यांनी ती सर्वांसाठी खुली केली. उत्पत्तिलक्ष्यी समीक्षेला लागणारी सर्व सामग्री येथे हजर आहे : रोजनिशी, चित्रण, खर्डे, आज्ञावली. हे शक्य झाले, कारण खोके घरातले होते.

अप्रकाशित खेळ पुढे प्रकाशात येतात तेव्हाही निर्णय कोणाचा हे पाहावे लागते. 'स्टार फॉक्स २' हा खेळ १९९५च्या सुमारास जवळजवळ पुरा होऊन बासनात गेला. निंटेंडोने तो २०१७ साली जुन्या यंत्राच्या छोट्या प्रतिकृतीत घालून विकला. मालकाच्या इच्छेने खर्ड्याचे रूपांतर विक्रेय वस्तूत झाले. 'सोनिक द हेजहॉग २' (१९९२) या खेळाच्या एका नमुना-आवृत्तीचा प्रवास वेगळा आहे. ती १९९०च्या दशकाच्या अखेरीस मालकाच्या संमतीवाचून हौशी अभ्यासकांच्या हाती आली. तीत अंतिम खेळातून वगळलेला एक प्रदेश होता. तो इतका चर्चिला गेला की २०१३च्या मोबाइल आवृत्तीत त्याला अधिकृत स्थान मिळाले. वगळलेला पाठ वाचकांच्या आग्रहाने मूळ संहितेत परतला. प्रक्षिप्ताचा विचार करणाऱ्या मराठी अभ्यासकाला ही प्रक्रिया अनोळखी वाटू नये.

आपली परंपरा या बाबतीत समृद्ध आहे. लीळाचरित्राची मूळ पोथी धाडीत नाहीशी झाली, तेव्हा महानुभाव शिष्यांनी स्मृतीच्या बळावर ती पुन्हा सिद्ध केली. परिणामी एका पोथीच्या जागी अनेक पाठ उभे राहिले. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तो त्यांना भिन्न प्रती पाहावयास मिळाल्या म्हणून. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी झाली. विष्णु सीताराम सुखटणकरांनी १९३३च्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत जो दावा केला तो मर्यादित होता : व्यासांची मूळ वाणी आपण देत नसून उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जेथवर मागे जाता येते तेथवरचा पाठ देत आहोत. त्या आवृत्तीचे नैतिक सामर्थ्य मात्र पानाच्या खालच्या भागात आहे. जो पाठ वर स्वीकारला नाही, तो खाली टिपेत नोंदला. नाकारलेल्या पाठालाही तेथे जागा आहे, नाव आहे, प्रतीचा निर्देश आहे.

त्याच पुणे शहरात घडलेल्या खेळाच्या नाकारलेल्या आवृत्तीला अशी तळटीप मिळालेली नाही.

६

येथे एक आक्षेप संभवतो. खर्डा खाजगी असतो, तो जगापुढे न आणण्याचा हक्क निर्मात्याला असलाच पाहिजे. कवीने फाडून टाकलेली कविता शोधून छापणे हा अपराध आहे. हा आक्षेप मान्य करावाच लागेल, पण तो कोणाच्या वतीने केला जातो हेही विचारावे लागेल. कवीने कविता फाडली तेव्हा फाडणारा आणि लिहिणारा एकच होता. आपल्या उदाहरणात लिहिणारे एक आहेत आणि फाडणारा दुसरा. 'लेखक म्हणजे काय?' या १९६९च्या व्याख्यानात फुको यांनी लेखकाच्या कागदांतील कोणता कागद 'कृती' म्हणावयाचा, असा प्रश्न विचारला होता. तेथे निदान कागद लेखकाचे होते. सामूहिक, वेतनावर केलेल्या निर्मितीत 'लेखक' या कार्यस्थानावर मालकच येऊन बसतो आणि खर्ड्याच्या खाजगीपणाचा हक्कही त्याच्याकडे जातो. लेखकाच्या मृत्यूची चर्चा आपण गेली काही दशके उत्साहाने केली. लेखकाचे स्थान रिकामे झाल्यावर तेथे कोण आले, याची चर्चा मात्र फारशी केली नाही.

संस्थात्मक पातळीवर स्थिती याहून प्रतिकूल आहे. १९५४च्या ग्रंथप्रदान कायद्याने प्रत्येक मुद्रित ग्रंथाची प्रत ठरावीक ग्रंथालयांकडे जाते. पुढे वृत्तपत्रेही त्या कक्षेत आली. त्यात खेळाला स्थान नाही. रद्द झालेल्या खेळाचा प्रश्न तर उद्भवतच नाही, कारण तो प्रसिद्धच झालेला नसतो. म्हणजे स्वामित्वासाठी आज्ञावली ही साहित्यकृती आणि जतनासाठी ती कोणीच नाही. ठरावीक मुदत लोटल्यावर रद्द कृतींची एक प्रत अभ्यासासाठी ठेवावी, अशी मागणी करणे यात कोणाच्या व्यापाराची हानी नाही. दरम्यान समीक्षेला दोन गोष्टी आज करता येतील. पहिली, उपलब्ध परिसंहितेची, म्हणजे घोषणा, ट्रेलर आणि बदलत्या तारखांची, परिसंहिता म्हणूनच काटेकोर नोंद. दुसरी, करारांच्या मर्यादेत राहून कर्त्यांच्या स्मृतींचे संकलन. लीळाचरित्राच्या अभ्यासाची परंपरा असलेल्या मराठी विभागांना स्मृतीतून पाठ उभा करण्याची पद्धत नव्याने शिकण्याची गरज नाही.

शहापूर-मुरबाडच्या परिसरातून पाहिले तर या प्रश्नाला आणखी एक बाजू दिसते. येथल्या पाड्यांतील चौकाचा अभ्यास उशिरा झाला आणि झाला तोही बव्हंशी कागदावर उतरलेल्या, नाव मिळालेल्या चित्राच्या अनुषंगाने. भिंतीवरचा, पुसला जाणारा चौक समीक्षेच्या कक्षेबाहेर राहिला, कारण त्याची अंतिम प्रत नव्हती. धवलेरीला त्याने काही उणे पडले नाही, तिचे गाणे तिच्यापाशी होते. स्टुडिओत पगारावर काम करणाऱ्या तरुणापाशी त्याचे गाणे नसते. अंतिम प्रत नसली तर संहिता नाही, हा आपला जुना समज धवलेरीच्या बाबतीत केवळ अपुरा होता. या तरुणाच्या बाबतीत तो अन्याय्य ठरतो, कारण त्याच्या कामाची दखल घेण्याचा दुसरा मार्गच उरत नाही.